गाडीकडे वळलेला चेहरा

नाटक कंपनी बंद पडली त्याच वर्षी वहिनीला रस्ता ओलांडायची नोकरी लागली.

ज्याला ज्याला तिने हे सांगितलं तो आधी हसला आणि मग म्हणाला, "म्हणजे नक्की काय करायचं?" पहिल्या दिवशी तिलाही ते नीट सांगता आलं नसतं. तिचा धाकटा दीर ज्या कंपनीत इंजिनियर होता, तिथे ड्रायव्हरविना चालणाऱ्या गाड्या तयार होत होत्या. गाडीला रस्ता दिसायचा, सिग्नल कळायचा, पुढचा ट्रक किती लांब आहे तेही कळायचं. घोडं अडत होतं ते पायी चालणाऱ्यांपाशी. माणूस फुटपाथवर उभा आहे, पण तो आता उतरणार, की थांबणार, की उतरून अर्ध्यातून मागे पळणार, हे आधी ओळखणं ट्रक ओळखण्याइतकं सोपं नव्हतं. म्हणून कंपनीने शहराबाहेर एका जुन्या गोदामामागच्या पटांगणात खोटा रस्ता बांधला होता. त्यावर पांढरे पट्टे होते, खोटा बसथांबा होता, आत काहीच नसलेलं एक दुकानही होतं. या रस्त्यावर गाडीसमोर चालून दाखवायला पगारी माणसं हवी होती.

"भाऊजी, म्हणजे मी गाडीपुढे जीव द्यायचा?" वहिनीने विचारलं.

"जीव नाही द्यायचा वहिनी, अभिनय द्यायचा," दीर म्हणाला. "तू इतकी वर्षं काय केलंस? शेजारीण झालीस, मोलकरीण झालीस, नायकाची आई झालीस. आता वाटसरू हो."

"वाटसरूला संवाद असतात का?"

"नसतात."

"मग नेहमीचंच काम आहे," ती म्हणाली आणि तयार झाली.

पहिल्याच सकाळी दिराने पटांगणाच्या त्या टोकावरून "वहिनी, इकडे!" अशी हाक मारली आणि ती सगळ्यांचीच वहिनी झाली. फाटकावरचा रखवालदार वहिनी म्हणायचा, गाडीत बसणारा चालक म्हणायचा, आणि या साऱ्या कामाच्या प्रमुख असलेल्या मॅडम वयाने तिच्याहून चांगल्याच मोठ्या होत्या, तरी त्याही वहिनीच म्हणायच्या.

काम तिला आवडलं. पटांगणाच्या कडेला पत्र्याची खोली होती, तिथल्या पडद्यावर गाडीला काय दिसतंय ते दिसायचं. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाच्या पायांपासून पुढे एक फिका निळा पंखा पसरलेला असायचा. हा माणूस पुढच्या क्षणी कुठे कुठे असू शकतो, याचा तो गाडीचा अंदाज. गाडीची खात्री असली की पंखा मिटून काडीसारखा व्हायचा, गोंधळ उडाला की पसरायचा. पंखा फुलला की वहिनी खूश, पंखा मिटला की भाऊजी खूश.

कामावर उशीर झालेला कारकून, मागून कुणी हाक मारलेली बाई, फोनवर भांडता भांडता रस्त्यात उतरलेला तरुण, अशी सगळी सोंगं तिने काढली. पाय उचलायच्या आधी माणसाचा खांदा पुढे येतो हे तिला रंगमंचावरून माहीत होतं, आणि दिराच्या गणिताला आकडेवारीतून तेच सापडलं होतं. दोघांची त्यावर टाळी झाली. मात्र तिला सगळ्यात जास्त वेळा करावी लागायची ती अगदी साधी गोष्ट. फुटपाथच्या कडेला यायचं, गाडीकडे चेहरा वळवायचा, क्षणभर बघायचं आणि थांबायचं. यातून गाडी एक गोष्ट पक्की शिकली. ज्याने चेहरा वळवला त्याने आपल्याला पाहिलं, आणि ज्याने पाहिलं तो थांबणार. ही गोष्ट कुणी वेगळी ठरवली नव्हती. ती सगळ्यांना आधीपासून पटलेलीच होती. वहिनीलाही.

मग एक गाडी खऱ्या रस्त्यावर उतरली. आत चालक बसलेला असायचा, हात मांडीवर आणि पाय ब्रेकजवळ. काही आठवडे सगळं सुरळीत चाललं. गाडी जरा जास्तच सभ्य आहे, एवढीच मागच्या गाडीवाल्यांची तक्रार होती.

एके दिवशी सकाळी पोहण्याच्या तलावाजवळच्या रस्त्यावर एक उंच, ताठ म्हातारी फुटपाथच्या कडेला आली. खांद्याला पिशवी होती, पायात खेळाचे बूट. तिने चेहरा सरळ गाडीकडे वळवला. गाडीतल्या पडद्यावरचा पंखा मिटला. बाई थांबणार.

बाई थांबली नाही. तिने रस्त्यात पाऊल टाकलं. गाडीने ब्रेक लावला, चालकानेही लावला, आणि तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर गाडी उभी राहिली. धक्का लागला नाही, पण दचकून बाई पडली आणि मनगट मुरगळलं. लोक धावले. तिने सगळ्यांचे हात बाजूला सारले, एकटी उठली आणि गाडीच्या बॉनेटवर थाप मारून ओरडली, "आवाज नाही, काही नाही, भुतासारखी येतेस होय गं!" मग पिशवी उचलून सरळ तलावाकडे निघून गेली.

त्याच दिवशी रस्त्यावरच्या चाचण्या बंद झाल्या. सगळे पत्र्याच्या खोलीत जमले आणि ती चित्रफीत पुन्हा पुन्हा बघू लागले.

"हिने बघितलं," दीर म्हणाला. "सरळ सरळ बघितलं. मग उतरली का?"

"भाऊजी, ही बाई कोण आहे ते मी सांगते," वहिनी म्हणाली. "मान बघा. हनुवटी बघा. हिने गाडी बघितली आणि ठरवलं, मी चालणार, थांबायचं तर तू थांब. अशा सासवा मी रंगमंचावर ढिगाने बघितल्यात."

सगळे हसले, आणि हसता हसता तेच पटलंही. गाडीला 'बेधडक' माणूस शिकवायचा असं ठरलं. वहिनीने पुढचे काही दिवस हनुवटी वर करून, खेळाचे बूट घालून, गाडीच्या नाकावर टिच्चून रस्ता ओलांडला. गाडी ताठ मानेच्या बायकांना वचकून राहायला शिकली. काम फत्ते झाल्यासारखं वाटलं.

मॅडमना मात्र चैन पडेना. कंपनीची वकील मंडळी त्या बाईकडे जाऊन आली होती. "कागद झाले," मॅडम म्हणाल्या, "पण माणूस कुणी गेलंच नाही. वहिनी, तुम्ही जाऊन येता का?"

वहिनी फळं घेऊन गेली.

दार त्या बाईनेच उघडलं. मनगटाला पट्टी होती. "कंपनीची का? ये. मला कोच म्हण. सगळा गाव तेच म्हणतो. खरं नाव विचारलंस तर मलाच आठवावं लागेल." तलावावर उभा जन्म पोहणं शिकवण्यात गेला होता. निवृत्त झाली तरी रोज सकाळी जाणं सुटलं नव्हतं. घरात ती आणि मुलगा दोघंच. मुलाचं खालच्या चौकात औषधांचं दुकान होतं.

खोली मोकळी आणि स्वच्छ होती. भिंतीवर चषकांची फळी होती, खिडकीशेजारी जुने फोटो होते. कोच चहा करायला आत गेली. "एका हाताने चहा होतो, सहानुभूती नको," असं तिने आतूनच बजावलं. वहिनी खुर्चीवरून उठली आणि फोटो बघत खिडकीपाशी गेली.

थोड्या वेळाने कोच ट्रे घेऊन दारात आली. खुर्ची रिकामी दिसल्यावर तिने चेहरा खिडकीकडे वळवला. सरळ वहिनीकडे. हनुवटी वर, मान ताठ, नजर स्थिर. चित्रफितीत होता तोच चेहरा, आणि तो वहिनीवर रोखलेला होता.

"कुठे गेलीस गं पोरी?" कोच म्हणाली.

"इथेच आहे मी," वहिनी हळूच म्हणाली. "तुमच्या समोर."

ट्रेमधले कप किणकिणले. कोचने मान किंचित तिरकी केली, जणू वहिनीच्या शेजारी कुणी उभं आहे आणि ती त्याच्याकडे बघते आहे, आणि मग म्हणाली, "हां. खिडकीतून ऊन येतंय ना, म्हणून."

ऊन येत नव्हतं. दोघींनाही ते ठाऊक होतं. चहा ओतताना कोचने बोट कपाच्या आतल्या कडेला टेकवून ठेवलं आणि चहाचा चटका बसला तशी ओतायची थांबली. वहिनी बघत राहिली. शेवटी तिला राहवेना.

"कोच, त्या दिवशी गाडी तुम्हाला दिसलीच नव्हती ना?"

कोचने आपला कप हातात घेतला. मग बोलली ती जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तशी.

"जिकडे बघते तिथेच धूसर होतं. कडेचं सगळं दिसतं. झाडं, खांब, फुटपाथ. मधोमध बोट फिरवून कुणी पुसून टाकल्यासारखं. सरळ बघितलं की माणूस जातो, बाजूला बघितलं की येतो. सवयीने बघते सरळच. सगळ्यांना शिकवलं ना, नजर समोर ठेवा म्हणून."

"मग रस्ता कसा ओलांडता?"

"कानाने. गाडी आली की आवाज येतो, आवाज आला की थांबते. ही तुमची बया आवाजच करत नाही."

"मुलाला माहीत आहे?"

"त्याला कळलं तर तलाव बंद. घरात बसवेल मला. पाण्यात मला काही बघावं लागत नाही गं. भिंत आली की हाताला कळते." तिने कप खाली ठेवला. "तू त्याला सांगायचं नाहीस. वचन दे."

वहिनी म्हणाली, "मुलाला नाही सांगणार, ते तुमचं तुम्ही बघा. पण गाडीला सांगायला हवं."

कोच खदखदून हसली. "गाडीला? सांग की! तिला काय तोंड आहे चहाड्या करायला?"

"तिला तोंड नाही. पण भाऊजी आहेत."

परत येताना वहिनीला आपल्या सासवांच्या नकलेची लाज वाटत होती. माजोरी म्हणून जिला आपण हसलो ती आंधळ्या कोशिंबिरीसारखा रोज रस्ता ओलांडत होती. दुसऱ्या दिवशी तिने दिराला गाठलं. कोचचं नाव तिने घेतलं नाही. एवढंच म्हणाली, "भाऊजी, चेहरा वळला म्हणजे दिसलं असं नसतं. काहींना समोरचंच दिसत नाही."

दीर विचारात पडला. तो माणूस वाईट नव्हता. त्याचीही अडचण खरी होती. "वहिनी, अशी माणसं थोडी. बाकीच्यांनी चेहरा वळवला की त्यांना खरंच दिसलेलं असतं. त्या थोड्यांसाठी प्रत्येक चेहऱ्यापुढे गाडी थांबवली, तर ती गल्लीतून बाहेर पडणार नाही. दोन्हींतला फरक गाडीला कळेल असं काहीतरी दाखव मला. काय वेगळं असतं?"

"मी करून दाखवते," वहिनी म्हणाली.

आणि तिला ते जमेना. तिने नजर शून्यात लावली, डोळ्यांत धुकं भरून आणलं, नाटकात एकदा केलेली आंधळी भिकारीण आठवली. काही उपयोग झाला नाही. तिला गाडी दिसत होती. डोळे कितीही विझवले तरी पायांना गाडी दिसत होती, आणि गाडी पाय वाचत होती. पंखा पुन्हा पुन्हा बरोबर यायचा. वहिनीने आयुष्यात पुष्कळ सोंगं आणली होती, पण न दिसण्याचं सोंग तिला आणता आलं नाही.

"ज्यांना दिसत नाही त्यांनाच विचारायला हवं," दीर म्हणाला. "कोण आहे अशी व्यक्ती? तुला माहीत असावी असं वाटतंय."

"विचारून सांगते," ती म्हणाली.

ती तलावावर गेली. कोच कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि पन्नाशी-साठीच्या काही नवशिक्यांना कठड्याला धरून पाय मारायला लावत होती. मनगटाची पट्टी सुटली होती. "गुडघा वाकवू नका! ही सायकल नाही!" असा तिचा आवाज घुमत होता.

वहिनीने काठावर बसून सगळं सांगितलं. कोचचा चेहरा कठीण झाला.

"म्हणजे मला प्रदर्शनात उभं करणार? बघा बघा, आंधळी म्हातारी?"

"नाही."

"मग काय?"

"मला जमत नाही ते तुम्हाला जमतं, म्हणून आले," वहिनी म्हणाली. "गाडीला मीच चुकीचं शिकवलंय. मी बघून थांबायचे, म्हणून तिला वाटतं सगळे बघून थांबतात. मी दुरुस्त करायला गेले तर परत तेच शिकवतेय. नको असेल तर नको म्हणा. मी परत विचारणार नाही."

कोच नवशिक्यांकडे वळली. त्यातला एक गृहस्थ दम लागून कठड्याला लोंबकळत होता. तिने त्याच्या पाठीखाली हात घालून त्याला तरंगतं केलं, हळूच हात काढून घेतला, आणि तो बुडाला नाही हे त्याचं त्याला कळेपर्यंत तशीच थांबली. मग पाण्यातून चालत काठाशी आली.

"आधी मुलाला सांगावं लागेल," ती म्हणाली. "तुमच्या पटांगणातून त्याच्या कानावर गेलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तू ये बरोबर. नुसती बस. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही तर एखादा नाटकातला दे."

औषधांच्या दुकानात दुपारच्या सुट्टीची वेळ होती. मुलाने दार ओढून घेतलं होतं आणि काउंटरच्या मागे तो डबा उघडत होता. आईला आणि तिच्याबरोबर अनोळखी बाईला बघून त्याने झाकण पुन्हा लावलं.

कोचला नाटकातला शब्द लागला नाही. "मला डोळ्यांनी मधलं दिसत नाही," ती एका दमात म्हणाली. "एक वर्ष होऊन गेलं. गाडीपुढे पडले ती दिसली नाही म्हणून पडले. तुझ्यापासून लपवलं."

मुलाने डबा बाजूला सारला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "गोळ्यांच्या पाकिटावरची नावं तू माझ्याकडून वाचून घेतेस. मला वाटायचं, चष्मा शोधायचा कंटाळा. मी रोज चिडायचो तुझ्यावर. मी! दिवसभर लोकांना औषधं देणारा माणूस!"

"तुझा काय दोष? मी तरबेज आहे लपवण्यात."

"आणि रोज तो रस्ता ओलांडत होतीस?" आता त्याचा आवाज चढला. "रोज?"

"तुला सांगितलं असतं तर तू घरात बसवलं असतंस."

"बसवलं असतं!" तो म्हणाला. "नक्की बसवलं असतं!" आणि मग एकदम त्याच्या खांद्यांतला ताठा गेला. "आणि तू खिडकीतून उडी मारून गेली असतीस."

"दुसरा मजला आहे," कोच म्हणाली. "पाइपावरून उतरले असते."

वहिनी पाठ फिरवून खोकल्याच्या औषधांच्या बाटल्या बघू लागली, कारण मायलेक दोघंही एकदमच रडत आणि हसत होती आणि तिथे तिसऱ्याचं काम नव्हतं. निघताना मुलगा म्हणाला, "पटांगण वगैरे नंतर. आधी डोळ्यांचा डॉक्टर."

डॉक्टरने बरंच काही तपासलं. एका डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला होता, तो परत येणार नव्हता. दुसऱ्या डोळ्याचाही मधला भाग धूसर झाला होता, पण अजून पुरता गेला नव्हता. त्यात ठरावीक दिवसांनी इंजेक्शनं घेतली तर पुढची खराबी बहुधा थांबवता येईल, असं डॉक्टर म्हणाला. "अजून थोडा उशीर झाला असता तर एवढंही सांगता आलं नसतं." शिवाय जे उरलंय ते वापरायची एक पद्धत असते, डोळ्याच्या कडेने बघायची, आणि ती सरावाने येते, हेही त्याने सांगितलं. 'सराव' हा शब्द ऐकताच कोच खुर्चीत सरसावून बसली, असं मुलाने नंतर वहिनीला सांगितलं.

मग ती पटांगणात आली. मुलगा बरोबर होता आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता. दिराने गाडी माणसाच्या चालीने चालवायला लावली. चालकाचा पाय ब्रेकवरच होता. गाडीच्या नाकावर फोमचे जाड ठोकळे लावले होते. मॅडम स्वतः फुटपाथवर येऊन उभ्या राहिल्या.

कोच कडेला आली. चेहरा गाडीकडे वळवला. पत्र्याच्या खोलीतल्या पडद्यावर पंखा मिटला. बाई थांबणार. कोचने पाऊल टाकलं आणि चालकाने ब्रेक दाबला.

पुन्हा केलं. पुन्हा तसंच झालं. आणखी एकदा झाल्यावर दीर खोलीतून बाहेर आला आणि कोचसमोर जाऊन उभा राहिला.

"कोच, आत्ता मी तुम्हाला दिसतोय का?"

कोचने त्याच्याकडे निरखून बघितलं. "तुझे कान दिसतायत. मधलं सगळं गायब."

"एवढे मोठे आहेत का कान?"

"मोठेच आहेत. म्हणून तर दिसले."

मॅडम सगळ्यात मोठ्याने हसल्या, आणि मुलाचाही अडकलेला श्वास सुटला. पण दीर हसून लगेच गप्प झाला होता. त्याची नजर रस्त्यावर खिळली होती. "वहिनी," तो म्हणाला, "तू एकदा ओलांड. नेहमीसारखं. बघून थांब." ती थांबली. "आता कोच, तुम्ही." दोघींना त्याने आळीपाळीने चालायला लावलं, आणि गाडीचा वेग मध्येच थोडा कमी करायला सांगितला. मग तो पळत खोलीत गेला, पडद्याकडे बघितलं आणि आतूनच ओरडला, "उत्तर! चेहरा नाही बघायचा, उत्तर बघायचं!"

त्याचं म्हणणं असं होतं. गाडीने वेग जरासा कमी केला की ज्याला गाडी दिसते तो काहीतरी बदलतो. पाऊल रेंगाळतं, नाहीतर लगबग होते, मान हलते, हात हलतो. गाडी काहीतरी बोलली आणि माणसाने तिला उत्तर दिलं, असं. ज्याला गाडी दिसलीच नाही त्याच्यात तसूभर फरक पडत नाही. तेव्हा गाडीने चेहऱ्यावर विश्वास ठेवून निघायचं नाही. आधी लांबूनच जरा मंद व्हायचं, उत्तर येतंय का बघायचं, आणि उत्तर नाही आलं तर थांबायचं.

"प्रत्येक माणसासाठी?" मॅडमनी विचारलं.

"मंद व्हायचं प्रत्येकासाठी. थांबायचं फक्त उत्तर न देणाऱ्यासाठी. गल्लीतून बाहेर पडेल ती, मॅडम. उशिरा पडेल."

मॅडमनी क्षणभर विचार केला. वरच्या लोकांना चाचण्या कधी सुरू करणार याची तारीख हवी होती. "तारीख पुढे ढकलते," त्या म्हणाल्या. "आणि गाडीला आवाजही द्या. कोच म्हणाल्या होत्या ना, भुतासारखी येते. ते आपण अपमान म्हणून ऐकलं. ती सूचना होती."

आवाज निवडायला कोचलाच बसवलं. दिराने एकामागून एक आवाज लावले आणि तिने डोळे मिटून एकेक निकालात काढला. "हा डास आहे. हा फ्रिज आहे. हा कुणीतरी घोरतंय. अरे, गाडी कुठाय यात?" शेवटी एक साधा, खालच्या पट्टीतला गुरगुराट तिला पटला. तो कुठल्या बाजूने येतोय आणि जवळ येतोय का लांब जातोय हे तिला लगेच सांगता येत होतं.

यानंतर वहिनीचं काम बदललं. सोंगं काढणं कमी झालं आणि माणसं शोधणं वाढलं. पहिली माणसं तलावावरचीच आली. ज्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं ते आले, ज्यांना एका कानाने ऐकू येत नव्हतं ते आले, एक आजोबा आले ज्यांना रस्त्याच्या मधोमध आल्यावर आपण कुठे निघालो होतो ते विसरायला व्हायचं. कोच त्यांना पटांगणात रांगेत उभं करायची आणि तलावावरच्यासारखी ओरडायची. फुटपाथवर खुर्च्या मांडल्या गेल्या, थर्मासातून चहा येऊ लागला. या मंडळींना बऱ्याच काळानंतर कुणीतरी 'तुम्ही कसे चालता ते आम्हाला शिकायचंय' असं म्हणत होतं. नाहीतर एरवी सगळे 'जपून चाला' एवढंच सांगायचे.

गाडी पुन्हा रस्त्यावर उतरली तेव्हा मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजले. कुणीतरी तिला 'भित्री' असं नाव ठेवलं. दीर वैतागून घरी आला की वहिनी त्याला म्हणायची, "भाऊजी, भित्री म्हटलेलं चालतं. भूत म्हटलेलं नको." काही चुका व्हायच्या, त्या दुरुस्त व्हायच्या, आणि नव्या निघायच्या. माणूस संपूर्ण ओळखता येईल असं आता दीरही म्हणत नव्हता. त्याऐवजी तो म्हणायचा, खात्री नसेल तेव्हा गाडीला ते कळलं पाहिजे. वहिनीला हे त्याच्या सगळ्या गणितापेक्षा जास्त कळलं.

कोचचा त्यातल्या त्यात बरा डोळा टिकला. इंजेक्शनाच्या दिवशी ती मुलावर चिडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात असायची. रस्ता ओलांडेपर्यंत आता मुलगा सोबत येई. कडेने बघण्याचा सराव तिने एखाद्या स्पर्धेची तयारी करावी तसा केला. लोकांशी बोलताना ती आता त्यांच्या खांद्याच्या पलीकडे बघते, आणि नवखा माणूस मागे वळून बघतो, कोण आलंय म्हणून.

परवा विसराळू आजोबा खोट्या रस्त्याच्या मधोमध थांबले, बसथांब्याकडे निघाले, परत फिरले, आणि शेवटी गाडीपाशी जाऊन तिच्या काचेत बघून केस नीट करू लागले. पडद्यावर निळा पंखा इतका पसरला की रस्ताच दिसेना. दिराने कपाळावर हात मारला.

"वहिनी, याला काय म्हणायचं आता?"

"नैसर्गिक अभिनय," वहिनी म्हणाली. "भाऊजी, गप्प बसा आणि बघा. असं काम तालमीत होत नाही."

पलीकडून कोच ओरडली, "आजोबा, केस छान आहेत! आता पुढे चला!" आणि गाडी खालच्या पट्टीत गुरगुरत, ते पुढे जाईपर्यंत जागेवर उभी राहिली.